स्थळकथेची उलटतपासणी

स्थळनामाची कथा समोर आली की मराठी संशोधकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे खरे आहे काय? व्युत्पत्ती खोटी ठरली की कथा लोकभ्रमाच्या खात्यात जमा होते. खरी ठरली की इतिहासाच्या. दोन्ही निवाड्यांत कथा वाचायची राहून जाते. ज्या वाङ्मयप्रकाराला साक्षीदार म्हणून उभे केले जाते आणि साक्ष संपताच पिंजऱ्याबाहेर काढले जाते, त्याला वाङ्मय म्हणून आपण कधी बोलावणार आहोत, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले पुरुषोत्तमपुरी घ्या. येथे सापडलेला यादव रामचंद्राचा ताम्रपट शके 1232चा, म्हणजे इ. स. 1310चा, तो वा. वि. मिराशी यांनी संपादिला. रामचंद्राचा अधिकारी पुरुषोत्तम याच्या नावे हे अग्रहार स्थापन झाले, हे त्यावरून कळते. गावाला मात्र हे नाव पुरुषोत्तम या देवाचे वाटते. अधिक मासात, म्हणजे पुरुषोत्तम मासात, येथे यात्रेकरूंची रीघ लागते. संशोधकाच्या दृष्टीने प्रकरण येथे मिटते : पुरावा जिंकला, श्रद्धा हरली. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम येथेच सुरू व्हायला हवे. एका राजपुरुषाच्या नावातून माणूस गळून पडतो, देव उरतो आणि पंचांगातला एक जादा महिना त्या नावाला येऊन चिकटतो, ही घडामोड चूक नाही. ती रचना आहे. तिला तर्कशास्त्र आहे आणि काळाची एक विशिष्ट जाणीव आहे. ताम्रपट मातीखाली मुका पडला होता, त्या शतकांत गावाचे नाव याच रचनेने अर्थपूर्ण ठेवले.

असे वाचन शक्य आहे हे पाहण्यासाठी जरा दूर, आयर्लंडकडे वळावे लागेल. तेथील मध्ययुगीन वाङ्मयात ‘दिन्‌शेनखस’ नावाचा एक मोठा संग्रह आहे : टेकड्या, नद्या, किल्ले यांची नावे कशी पडली याच्या गद्य आणि पद्य कथा. बाराव्या शतकातील ‘लेन्स्टरचा ग्रंथ’ या हस्तलिखितात तो आढळतो. त्यातील पद्यभाग एडवर्ड ग्विन यांनी 1903 ते 1935 या काळात पाच खंडांत संपादिला. ही विद्या कवीच्या शिक्षणाचा भाग होती. ज्याला स्थळांच्या कथा येत नाहीत तो कवी नव्हे, अशी ती परंपरा. एवेन माखा या राजधानीच्या नावाला तेथे एकाहून अधिक कथा आहेत. एकीत गरोदर माखा राजाच्या घोड्यांशी शर्यत धावायला भाग पडते, शर्यतीच्या शेवटी जुळ्यांना जन्म देते आणि अल्स्टरच्या पुरुषांना शाप देते. ‘एवेन’ म्हणजे जुळे. दुसरीत माखा नावाचीच एक राणी गळ्याजवळची टाचणी काढून तिने किल्ल्याची सीमा आखते, आणि त्या टाचणीवरून नाव पडते. संग्राहक निवाडा करीत नाही. ‘किंवा’ म्हणतो आणि दुसरी कथा सांगतो. भाषाशास्त्राच्या कसोटीवर यांतल्या कितीतरी व्युत्पत्ती टिकत नाहीत. तरीही आयरिश अभ्यासकांनी हा संग्रह वाङ्मयेतिहासाबाहेर टाकला नाही, आणि शेमस हीनीसारख्या आधुनिक कवीला आपल्या स्थळजाणिवेची मुळे सांगताना त्याच्याकडे वळावेसे वाटले.

आपल्याकडे त्या ‘किंवा’चीच भीती आहे. ‘विवेकसिंधू’तील अंबानगरी ही वैनगंगेकाठचे आंभोरे की बालाघाटावरचे अंबाजोगाई, या वादावर किती शाई खर्ची पडली! मुकुंदराजांच्या जन्मदाखल्याचा हा शोध निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या अंबाजोगाईवर हा दावा सांगितला जातो, तिच्या स्वतःच्या कथेकडे या वादातील किती जणांनी वळून पाहिले? योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते. कोकणातून वऱ्हाड निघाले. मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगड होऊन राहिले. देवी कुमारीच राहिली, आणि तीही येथेच. कोकणस्थांच्या अनेक घराण्यांची कुलदेवता समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यापलीकडे कशी, हे कोडे ही कथा सोडवते. आणि सोडवताना ते अपुऱ्या लग्नाच्या रूपाने कायमचे उघडे ठेवते. परळी आणि अंबाजोगाई यांमधले थोडक्या कोसांचे अंतर म्हणजे जणू न ओलांडलेला अंतरपाट. ‘हत्तीखान्या’तील कोरीव दगडांचे कालनिर्णय झाले, व्हायलाच हवे होते, पण हा अंतरपाट कोणत्या शिलालेखात सापडणार? याच गावाने निजामी राजवटीत मोमिनाबाद हे नावही वागवले. तेही या कथनाचाच एक थर आहे, खरडून टाकायचा डाग नव्हे.

या अनास्थेचा सर्वांत मोठा बळी महानुभावांची ‘स्थानपोथी’. चौदाव्या शतकातील मुनी व्यास यांची ही गद्यकृती वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे आपल्या हाती आली, हे ऋण मोठेच. तिचा उपयोग मात्र प्राचीन भूगोल, मंदिरस्थापत्य आणि जुनी मराठी रूपे यांची खाण म्हणून झाला. गाव, दिशा, देवळाचे दार, चक्रधर जेथे बसले तो ओटा : पोथी एवढेच सांगते, म्हणून ती रुक्ष, असा समज. वस्तुतः ती लीळा सांगत नाही, कारण लीळा वाचकाला ठाऊक आहे. ‘लीळाचरित्र’ आठवत त्या ओट्यापुढे उभा राहणारा महानुभाव हाच या संहितेचा अभिप्रेत वाचक. कथा तो बरोबर घेऊन येतो. पंथात स्थान हे प्रसाद, भिक्षू आणि वासनिक यांच्या बरोबरीने वंद्य आहे, हे ध्यानात घेतले तर पोथीची दिशांची काटेकोर नोंद म्हणजे स्मरणाची शिस्त असल्याचे दिसेल. आयरिश कवी नावाची कथा सांगतो. मुनी व्यास कथा गाळून जागा तेवढी दाखवतात. हा भेद मोलाचा आहे, आणि तुलना केल्याशिवाय तो दिसतही नाही. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 2003च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा प्रदेश तीर्थांच्या आणि यात्रांच्या जाळ्यातून कसा कल्पिला गेला ते दाखवले. देशीवादाचा घोष करणाऱ्या आपल्या समीक्षेने हे काम आधी करायला नको होते काय? गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर महानुभावांना आत्मतीर्थ, तर इतर दत्तभक्तांना दत्तात्रेयाच्या नित्य भोजनाचे ठिकाण. गोदेच्या त्याच परिसरातले राक्षसभुवन शनीचेही आणि 1763च्या लढाईचेही. देशी वाचनाला याहून अधिक काय हवे?

यावर आक्षेप येतो : अशा कथांना मान दिला की इतिहास बुडेल आणि नामांतराच्या राजकारणाला बळ मिळेल. मला उलटे दिसते. नामांतराचे राजकारण एकच कथा मागते, सनदेसारखी. स्थळकथेचा स्वभाव त्याच्या नेमका विरुद्ध आहे. बीडचेच पाहा. बालाघाटाच्या पायथ्याचे बीळ म्हणून बीड. किंवा विक्रमादित्याच्या बहिणीची चंपावती नगरी. किंवा जटायू जेथे पडला ते ठिकाण. त्यातच मुहंमद तुघलकाचा पडलेला दात या परिसरात समारंभपूर्वक पुरला गेला, ही फरिश्त्याने नोंदलेली हकीकत. एका बादशहाचा दात आणि एका गिधाडाचे पंख एकाच गावाच्या वाट्याला यावेत, आणि पदव्युत्तर वर्गात त्यांचा उल्लेखही होऊ नये!

आज अशा विषयावर प्रबंधाचा आराखडा मराठी विभागात दिला, तर ‘हा इतिहासाचा विषय’ म्हणून परत येतो. इतिहास विभाग तो लोकसाहित्याकडे पाठवतो, आणि लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत स्थळकथेवर टीप येते, पाच गुणांची. दरम्यान माजलगाव धरणाच्या पाण्याखाली गावठाणे गेली. पुनर्वसित गावांना नावे जुनीच मिळाली, पण ज्या ओढ्यावरून, ज्या टेकडीवरून ती पडली ते ओढे आणि टेकड्या तेथे नाहीत. त्या नावांच्या कथा आता कोणत्या जागेकडे बोट दाखवून सांगितल्या जातात, हे विचारायला अजून तरी कोणी गेलेले माझ्या पाहण्यात नाही.