पस्तीस किलोमीटर? एवढ्या लांब?

मॉरिशसला आल्यावर पहिल्याच महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी दुपारी ऑफिसात जेवताना मी सहज म्हणालो, "उद्या सकाळी बेल मारला जाऊ या का? समुद्रावर नाश्ता करू, दुपारच्या जेवणाला परत." टेबलावर एकदम शांतता. मग आमचा टीम लीड म्हणाला, "बेल मार? त्रो ल्वँ!" क्रिओल भाषेत याचा अर्थ 'फार लांब'. शेजारची मुलगी म्हणाली, "जायचंच तर बंगला भाड्याने घेऊ, रात्री राहू आणि रविवारी निघू."

मी फोनवर नकाशा काढून बघितला. आमचं ऑफिस एबेनमध्ये. म्हणजे इथलं हिंजवडीच म्हणा, फक्त खिशात मावेल एवढं. तिथून पूर्व किनाऱ्यावरचं बेल मार पस्तीस-चाळीस किलोमीटर. आणि त्यासाठी मुक्काम!

मला मनातल्या मनात जाम हसू आलं. आता मी पडलो सोलापूरचा. इंजिनियरिंग पुण्यात, पहिली नोकरीही पुण्यात. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी रात्री एसटी पकडायची, शनिवार-रविवार आईच्या हातचं जेवायचं, शेंगाचटणीचा डबा बॅगेत कोंबायचा आणि सोमवारी पहाटे स्वारगेटला उतरून तसंच ऑफिस गाठायचं. त्याला कधी कोणी 'लांब' म्हटल्याचं आठवत नाही. पस्तीस किलोमीटर म्हणजे काय, सोलापुरातून मोहोळ! तिथे मुक्काम करतो म्हणालो असतो तर वडिलांनी मला डॉक्टरांकडे नेलं असतं. :-)

आधी आकडे सांगतो, म्हणजे मुद्दा नीट कळेल. मॉरिशस बेट उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. आपला एकटा पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे त्यात अशी आठ बेटं बसतील. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. म्हणजे विरार फास्टला लोंबकळत जाणारा माणूस रोज सकाळी जवळजवळ एक अख्खा देश ओलांडतो आणि संध्याकाळी पुन्हा ओलांडून घरी येतो. पुणे-मुंबई एक्सप्रेसवे इथे आणून टाकला तर त्याचा तिसरा हिस्सा समुद्रात जाईल.

त्यामुळे सुरुवातीला मी अगदी शूरवीर होतो. जपानहून आलेली जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात एका रविवारी किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला पूर्ण प्रदक्षिणा घातली. सकाळी निघालो आणि संध्याकाळी चहाला घरी. सोमवारी ऑफिसात सांगितलं तर लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लेह-लडाख करून आलोय.

आता दुसऱ्या वर्षाचं ऐका. माझा पुण्याचा एक मित्र सुट्टीला म्हणून इकडे आला आणि उत्तरेला ग्राँ बेला उतरला. मी राहतो कात्र बोर्नला, म्हणजे बेटाच्या मधल्या पठारावर. बुधवारी त्याचा फोन आला, "रात्री जेवायला ये की." माझ्या तोंडून चटकन निघून गेलं, "आज? मधल्या वारी? अरे, एवढ्या लांब?"

तो दोन मिनिटं हसत होता. मग म्हणाला, "अरे शहाण्या, मी रोज हडपसरहून हिंजवडीला जातो!"

फोन ठेवला आणि विचारात पडलो. रस्ता तोच आणि गाडीही तीच. मग बदललं काय?

इंजिनियर माणूस, त्यामुळे उत्तर अपूर्णांकात सापडलं. आपण अंतर किलोमीटरमध्ये मोजतो असं आपल्याला वाटतं खरं, पण मन त्या किलोमीटरला आपल्या जगाच्या आकाराने भागत असतं. अंश तोच राहिला तरी छेद बदलला की उत्तर बदलतं. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात वजनांवर प्रयोग करून असंच काहीसं दाखवलं होतं. हातात आधीच किती वजन आहे त्यावर वाढलेलं वजन जाणवतं की नाही ते ठरतं. किलोभर ओझ्यात दहा ग्रॅम टाकले तर पत्ता लागत नाही, पण पन्नास ग्रॅममध्ये दहा ग्रॅम लगेच कळतात. सोलापूरच्या पोराच्या छेदात अख्खा महाराष्ट्र असतो, मग पस्तीस किलोमीटर किस झाड की पत्ती! पण ज्याच्या छेदात एकूण ६५ च आहेत त्याला पस्तीस म्हणजे अर्धं जग. कोणी म्हणालं, "चल, अर्धं जग ओलांडून इडली खाऊन येऊ," तर तुम्हीसुद्धा मुक्कामाचंच बोलाल.

शिवाय या पस्तीस किलोमीटरमध्ये घडतंही बरंच. पोर्ट लुई समुद्रकाठी, तिथे घामाच्या धारा. वीसेक किलोमीटर वर चढून क्युरपिपला या, साडेपाचशे मीटर उंची, धुकं आणि रिपरिप पाऊस. लोकांच्या अंगात स्वेटर! आपल्याकडे हवा बदलायला घाट उतरून कोकणात जावं लागतं, इथे ऑफिसातून घरी जाताना बदलते. सोलापूर-पुणे रस्त्यावर इंदापूर गेलं आणि भिगवण आलं, एवढाच काय तो फरक. म्हणजे इथला एक किलोमीटर जरा जास्त भरीव आहे, असं माझं प्रामाणिक मत.

इथपर्यंत गंमत होती. पण त्यातून मला एक प्रश्न पडला. लांब अंतराला 'लांब' न म्हणण्यात एवढं कौतुक कसलं? आपल्याकडे मुलाखतीत विचारतात, "रोज एवढं येणं-जाणं जमेल ना?" आणि आपण छाती पुढे काढून म्हणतो, "काही प्रॉब्लेम नाही सर." रोज दोन-दोन, तीन-तीन तास रस्त्यावर घालवणं ही आपण कर्तबगारी समजतो. आमचा टीम लीड पाचला निघतो, साडेपाचला वाकवाला घरी पोचतो आणि सहाला मुलाबरोबर फुटबॉल खेळत असतो. त्याला कोणी रोज तीस किलोमीटर लांबची नोकरी दिली तर तो 'त्रो ल्वँ' म्हणून मोकळा होईल, आणि त्यात त्याला जराही लाज वाटणार नाही. कधीकधी वाटतं, आपण 'लांब' हा शब्दच विसरलोय आणि तो परत शिकायला हवा. (इथे सगळं आलबेल आहे असंही नाही हं. सकाळी पोर्ट लुईत शिरणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची अशी रांग लागते की पुणेकराला माहेरची आठवण यावी. म्हणून तर मेट्रो आणली. ती २०२२ साली क्युरपिपपर्यंत पोचली.)

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. छेद एकदा लहान झाला की तो आणखी लहान होत जातो. पहिल्या वर्षी मला पस्तीस किलोमीटर लांब नव्हते, दुसऱ्या वर्षी झाले. मग वीस लांब झाले. मग मॉल, ऑफिस आणि घर असा पाच-सहा किलोमीटरचा त्रिकोण झाला आणि मी त्यात खूश. बेटावर राहून दोन-दोन महिने समुद्र न बघितलेली माणसं मला आधी खोटी वाटायची. आता त्यांच्यात माझाही नंबर लागतो.

मग महाशिवरात्र आली. इथे दक्षिणेकडच्या डोंगरात ग्राँ बासाँ नावाचं तळं आहे, हिंदू लोक त्याला गंगा तलाव म्हणतात. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे चालत जातात. खांद्यावर सजवलेली कावड, अंगात पांढरे कपडे आणि रस्त्याच्या कडेला सरबत-खाणं घेऊन उभे असलेले लोक. उत्तरेकडच्या गावांतून निघणारे चाळीस-पन्नास किलोमीटर चालतात, तेही चढावर. त्या गर्दीत मला ऑफिसातली ती 'बंगला भाड्याने घेऊ'वाली मुलगी दिसली! पायाला पट्ट्या बांधलेल्या, चेहरा लालबुंद. मी विचारलं, "लांब नाही वाटत?" ती म्हणाली, "हे वेगळं."

मला आपली वारी आठवली. आळंदीहून निघून अडीचशे किलोमीटर चालत पंढरपूर गाठणाऱ्या माणसाला घरी असताना शेजारच्या गल्लीतल्या दुकानात पाठवा, तो सायकल काढेल. :-)

आता जे सांगायचंय ते सांगायला मला थोडा वेळ लागला, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

मागच्या जूनमध्ये एका रात्री भावाचा फोन आला. इथे दहा वाजले होते, तिकडे साडेअकरा. बाबांच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि त्यांना ॲडमिट केलं होतं. मी "निघतो" म्हणालो, गाडीची किल्ली घेतली, खाली आलो आणि गाडीत बसून स्टार्टर मारला. मग लक्षात आलं की, निघतो म्हणजे कुठे?

पुण्यात असताना एकदा आई जिन्यावरून पडली होती. तेव्हा रात्री एकला मित्राची गाडी घेऊन निघालो आणि उजाडायच्या आत सोलापुरात होतो. अडीचशे किलोमीटर होते, पण घरापर्यंत रस्ता होता. तो रात्री एकलाही असतो आणि तिकीट विचारत नाही. इथे कुठल्याही दिशेला गाडी हाणली तरी तासा-सव्वा तासात समोर समुद्र. मुंबई साधारण ४,७०० किलोमीटर, आणि मला मिळालं ते विमान दुसऱ्या दिवशीचं. त्या रात्री प्रथमच कळलं की लांब कशाला म्हणतात. मनात आलं तेव्हा उठून निघता येत नाही, ते लांब. बाकी सगळं जवळच. बेटावरची माणसं हे जन्मापासून जाणतात. त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी फ्रान्सला नाहीतर इंग्लंडला असतंच. त्यामुळे त्यांच्याकडे लांबचे दोन प्रकार असतात. बेल मारवालं लांब म्हणजे नुसता आळस, आणि दुसरं हे. मी इतके दिवस पहिल्याला हसत होतो आणि दुसऱ्याचा मला पत्ताच नव्हता.

कोणाला तरी सांगायचं म्हणून टीम लीडला मेसेज केला. हा गडी मूळचा मराठी, पण पाच-सहा पिढ्यांपूर्वी त्याचे पूर्वज मुंबई बंदरातून इथल्या ऊसमळ्यांवर मजुरीला आले. शाळेत शिकलेलं मराठी तो फार जपून वापरतो. अर्ध्या तासात तो दारात हजर. रात्रभर माझ्याबरोबर बसला. दुसऱ्या दिवशी मला पस्तीसेक किलोमीटरवरच्या विमानतळावर सोडलं, आणि दहा दिवसांनी परत आलो तेव्हा घ्यायलाही तोच. त्याच्या हिशोबाने चार वेळा अर्धं जग. एकदाही 'ल्वँ' म्हणाला नाही. निघताना फक्त एवढंच म्हणाला, "वडिलांना माझा नमस्कार सांगा."

बाबा आता ठणठणीत आहेत. अँजिओप्लास्टी झाली, रोज चालायला जातात आणि फोनवर मला रस्त्यावर गाडी हळू चालव म्हणून सांगतात. मी म्हणतो, "बाबा, इथे रस्ता आहेच केवढा?"

तर माझं मत असं. रोजच्या नोकरीसाठी, बाजारहाटासाठी छेद लहान ठेवावा. तिथे 'लांब' म्हणायला लाजू नये, बेटावरच्यांनीही आणि हडपसरवाल्यांनीही. पण माणसांकडे जायचं असेल तेव्हा हा अपूर्णांक मांडूच नये. ग्राँ बेला त्या बुधवारी मी गेलो नाही, ते अजून टोचतं. मित्र तीन दिवसांनी परत गेला, आणि आता त्याच्याकडे जेवायला जायचं तर ४,७०० किलोमीटर अधिक मुंबई-पुणे.

असो. टीम लीडची आजी दक्षिणेला सुयाकला राहते. गेली दोन वर्षं तिचं बोलावणं आहे आणि मी 'बघू, पुढच्या आठवड्यात' करतोय. उद्या रविवार, उद्या नक्की. तिथून जवळच ग्री ग्रीचा कडा आहे. बेटाभोवती प्रवाळाचं कुंपण आहे ना, ते तिथे तुटलंय, म्हणून दक्षिण महासागराच्या लाटा थेट खडकावर येऊन आपटतात. आजीकडे जेवून तेही बघून येऊ.

पस्तीस किलोमीटर आहे म्हणतात. सकाळी लवकर निघावं लागेल. :-)