परसांतील आंबा आणि तांबड्या मुंग्या

कोंकणांत ज्याच्या परसांत आंबा नाहीं असा खातेदार विरळा, आणि ज्या आंब्यावर तांबड्या मुंग्यांनीं कधींच घर केलें नाहीं असा आंबाही विरळाच. ह्या मुंग्यांस कोठें हुमले म्हणतात, कोठें ओंबील. फळें उतरविण्याचे दिवस जवळ आले म्हणजे त्यांची आठवण होते, आणि दरवर्षीं तोच एक प्रश्न निघतो: ह्यांचा नायनाट कसा करावा? आमचें मत असें आहे कीं, हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला जातो. मुंगी झाडावर कां आली व तेथें ती काय करते, हें आधीं पहावें. मारावी कीं राखावी, हें मागाहून ठरवावें.

प्रथम ओळख पटविली पाहिजे. खोडावर मातीच्या नळ्या दिसत असतील तर ती मुंगी नव्हे, वाळवी होय. लोक तिला पांढरी मुंगी म्हणतात एवढेंच. खोडाच्या ढोलींत काळे मुंगळे रहात असतील तर ती ढोल बहुधा त्यांनीं केलेली नसते. फांदी तोडतांना खुंट ठेवला, त्यांत पावसाचें पाणी मुरलें, लांकूड कुजलें, आणि तयार घर पाहून मुंगळे आंत शिरले. येथें मुंगळे मारून लांकूड भरून येणार नाहीं. फांदी बुडाशीं साफ कापावी व कापल्या जागीं मोरचूद १ भाग, चुना १ भाग व पाणी १० भाग ह्या प्रमाणाचें बोर्डो मलम लावावें. पुढची ढोल त्यानें टळते.

बारीक काळ्या मुंग्यांची खोडावरून सतत ये-जा चालली असेल तर मुंग्यांकडे न पाहतां त्या जेथें जातात तेथें पहावें. कोंवळ्या फुटीवर, देठांशीं अथवा पानांच्या पाठीं पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा मावा हमखास सांपडेल. हे किडे झाडाचा रस शोषतात व गोड चिकटा टाकतात. मुंगी त्या गोडीची गिऱ्हाईक असते, आणि गाय राखावी तशी ती ह्या किड्यांची राखण करून त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हांकलून लावते. चिकट्यावर पुढें काजळी धरते व पानें काळीं पडतात. अशा ठिकाणीं खरा चोर पिठ्या ढेकूण आहे. मुंगी त्याची पाठीराखी होय. फांद्या वेंचून कापाव्या, पाण्याचा जोराचा फवारा मारावा, निंबोळी तेल व साबण यांचें पातळ पाणी फवारावें. आणि मुंगीची वाट बंद करावी. त्यासाठीं खोडाला प्लॅस्टिकचा पट्टा घट्ट बांधून त्यावर ग्रीस लावावें. ग्रीस सालीवर कधींही लावूं नये. एखादी फांदी भिंतीला, कौलांना किंवा विजेच्या तारेला टेकली असेल तर पट्टा फुकट जातो, कारण मुंगी त्या पुलावरून येते. तारेजवळची फांदी मात्र विजेचा प्रवाह बंद करविल्याशिवाय कापूं नये.

आतां तांबड्या मुंगीविषयीं. हिची रीत निराळी आहे. कामकरी मुंग्या ओळीनें उभ्या राहून जिवंत पानें जवळ ओढतात व आपल्याच अळ्यांच्या तोंडांतील रेशमानें तीं शिवून टाकतात. एका वारुळाचीं अशीं अनेक घरटीं अनेक झाडांवर पसरलेलीं असतात, आणि राणी त्यांतील कोठल्या तरी एकांत असते. एक झाड जाळून जी मुंगी संपली असें वाटतें, ती शेजारच्या फणसावरून परत येते ती ह्यामुळेंच. ही मुंगी मांसाहारी आहे. अळ्या, ढेकण्या, लहान भुंगे जें सांपडेल तें ती ओढून नेते. चीन देशांत संत्र्याच्या बागांसाठीं हिचीं घरटीं पिशव्यांत घालून बाजारांत विकलीं जात, असा उल्लेख जी हान याच्या नांवावर असलेल्या व इ. स. ३०४ चा समजल्या जाणाऱ्या ग्रंथांत आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यास तेथील बागाईतदार बांबूचे पूल बांधून देत. अलीकडे ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथें पेंग व ख्रिश्चन यांनीं आंबा व काजू यांच्या बागांत हिचा उपयोग करून पाहिला. आफ्रिकेंतील बेनिन देशांत हिच्याच जातभाईमुळें आंब्यांतील फळमाशीचा उपद्रव कमी झाल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. जिला आपण शत्रू म्हणून जाळतों, तिला इतरांनीं राखणदार म्हणून पदरीं ठेविलें आहे.

तथापि दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ही मुंगीही गोड चिकट्याची लोभी आहे व कांहीं खवले किडींची राखण करते. मोहरावर येणाऱ्या माशांना ती त्रास देते. आणि ती कडकडून चावते. चावल्या जागीं आम्ल सोडते. हा शेवटचा दोष आम्ही लहान मानीत नाहीं, त्याचें कारण सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या परसांतील आंबा उतरविण्यास एक गडी वर चढला. घरटीं आम्हांला ठाऊक होतीं. आम्हीं तीं त्याला दाखविलीं नाहींत. अर्ध्या झाडावर मुंग्या त्याच्या अंगावर चढल्या, हात सुटला, आणि तो खालीं पडून त्याचें मनगट मोडलें. त्याचा सबंध हंगाम गेला. आम्ही मात्र मुंग्यांवर संतापलों. चूड पेटवून घरटीं जाळलीं, दोन चांगल्या फांद्या होरपळल्या, आणि बुंध्याभोंवतीं विषारी पूड टाकूं लागलों. तेव्हां घरांतील वडील बाईंनीं एवढेंच विचारलें, "विहीर दहा पावलांवर आहे, पावसांत ही पूड जाणार कोठें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पावसाळा संपेतों मुंग्या परत आल्या होत्या. दोष मुंग्यांचा नव्हता. घरटें ठाऊक असून माणसाला वर पाठविणाऱ्याचा होता.

म्हणून आमचें म्हणणें असें. परसांत चूड व विषारी पूड दोन्ही वर्ज्य समजावीं. त्या झाडाखालीं मुलें खेळतात, पडलेलें फळ न धुतां खातात, आणि विहीर जवळ असते. एके काळीं घरोघर असणाऱ्या बी. एच. सी. पुडीवर आपल्या देशांत १९९७ सालीं बंदी आली. कोणाच्या माळ्यावर जुना पुडा पडला असेल तर त्याला हात लावूं नये.

ज्या झाडावर किडीचा उपद्रव नाहीं, काजळी नाहीं व फळ निरोगी आहे, तेथें तांबड्या मुंगीला राहूं द्यावें. घरावर येणाऱ्या फांद्या छाटाव्या. फळ उतरविण्याच्या आदल्या दिवशीं, सकाळच्या गारव्यांत, वाटेवरचीं घरटीं लांब आकडीनें जमिनीवरूनच कापून साबणाच्या पाण्याच्या घमेल्यांत पाडावीं. वरचीं राहूं द्यावीं. जेवढें फळ खालून झेल्यानें निघेल तेवढें खालूनच काढावें. ज्याला वर चढवावयाचें त्याला प्रत्येक घरटें बोटानें दाखवावें, अंगभर कपडा व दोर द्यावा, आणि तो नको म्हणाला तर त्या फांदीचें फळ सोडून द्यावें. शंभर आंबे पाखरांनीं खाल्ले तरी चालतील.

झाड आपलें आहे, तसा त्यावर चढणाराही आपल्या भरंवशावर चढतो. मुंगीशीं कसें वागावें हें तिचें काम पाहून ठरवितां येईल. परंतु ह्या माणसाविषयींचें आपलें कर्तव्य झाडाकडे न पाहतांही ठरलेलें आहे. येत्या हंगामांत शिडी लावण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं एकदां मान वर करून घरटीं मोजावीं, एवढीच विनंती आहे.