अर्जासोबतचे पत्र: बायोडाटा जिथे गप्प बसतो तिथे

नोकरीची जाहिरात दिसली की आपण बायोडाटा काढतो, त्यात नवा फोन नंबर घालतो आणि सोबत दोन ओळी लिहून पाठवून देतो: 'आपली जाहिरात वाचली. बायोडाटा जोडला आहे, कृपया विचार व्हावा.' अर्ज वाचणाऱ्यापुढे शंभर अर्ज आले असतील, तर त्यांतील बहुतेकांत याच दोन ओळी असतात. मग आपलाच अर्ज त्याने बाजूला का काढून ठेवावा?

बायोडाटात शिक्षण, अनुभव आणि तारखा असतात. पण याच जागेसाठी आपण योग्य का, हे त्यात कुठेच नसते. शिवाय मध्ये काही वर्षे नोकरी नसेल, तर बायोडाटात तिथे नुसती मोकळी जागा दिसते. वाचणारा त्या जागेचा आपल्या मनाने अर्थ लावतो आणि तो बहुधा आपल्या बाजूचा नसतो. हे दोन्ही सांगायला सोबतचे पत्र हीच एक जागा आहे. लहान मुलांमुळे किंवा घरातल्या आजारपणामुळे ज्यांची नोकरी सुटली, अशा बहिणींनी तर हे पत्र कधीच घाईने लिहू नये.

एका कारकुनाचा अर्ज

९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी एका तरुणाचा अर्ज आला. तो मॅट्रिक उत्तीर्ण होता, पण पुढची एफ. ए. परीक्षा त्याला पार करता आली नव्हती. अर्ज अवघ्या काही ओळींचा होता. आपण मॅट्रिक झालो आहोत, एफ. ए.पर्यंत शिकलो, पण प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, हे त्याने एका वाक्यात सांगितले. त्यानंतर आपण सारा वेळ गणिताला दिला आहे आणि हे काम नीट करू अशी खात्री आहे, असे लिहिले. सोबत गणिताच्या एका प्राध्यापकाचे शिफारसपत्र होते. १ मार्चपासून तो दरमहा ३० रुपयांवर कामाला लागला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन.

त्याची बुद्धी सर्वांजवळ नसते, पण त्या अर्जाची रीत कोणालाही उचलता येईल. अडचण लपवली नाही आणि तिचे रडगाणेही गायले नाही. एका वाक्यात ती सांगून लगेच त्या काळात काय केले आणि आता काय करू शकतो, यावर तो आला.

तीन परिच्छेद पुरेत

पहिल्या परिच्छेदात पदाचे नाव आणि जाहिरात कोठे, कधी पाहिली ते लिहावे. दुसऱ्यासाठी जाहिरात पुन्हा वाचावी, त्यांना हव्या असलेल्या दोन-तीन गोष्टी अधोरेखित कराव्यात आणि त्यांतील प्रत्येकीसाठी आपण केलेले एक काम लिहावे. 'मी मेहनती आणि प्रामाणिक आहे' हे कोणीही लिहू शकतो. कामाला मात्र आकडा असतो, मुदत असते आणि त्याची खात्री करून घेता येते. तिसऱ्या परिच्छेदात खंड पडला असल्यास त्याचे कारण, केव्हापासून रुजू होता येईल आणि मुलाखतीची विनंती. सारे मिळून एका पानाच्या आत.

समजा, एका दुकानदाराला हिशेबनीस हवा आहे. आठ वर्षे घरी असलेली एक गृहिणी असे लिहू शकेल:

'महोदय, रविवारच्या वृत्तपत्रातील हिशेबनीस पदाच्या आपल्या जाहिरातीस अनुसरून हा अर्ज करीत आहे.

आपणास खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवणारी आणि बँकेच्या खात्याशी हिशेब जुळवणारी व्यक्ती हवी आहे. मी बी. कॉम. असून एका वाहतूक कंपनीत चार वर्षे हीच कामे केली आहेत.

मुलांच्या संगोपनासाठी मी आठ वर्षे नोकरी केली नाही. त्यांतील शेवटची तीन वर्षे आमच्या ६४ सदनिकांच्या सोसायटीचे हिशेब मी संगणकावर टॅलीमध्ये ठेवले असून दरवर्षी लेखापरीक्षणासाठी कागदपत्रे मीच तयार केली. आता मुले शाळेत जातात व मी पूर्ण वेळ काम करू शकते. पुढील महिन्याच्या एक तारखेपासून रुजू होता येईल. भेटीची संधी द्यावी, ही विनंती.'

सोसायटीचे काम बिनपगारी होते म्हणून अनेक जणी त्याचा उल्लेखच करीत नाहीत. पण ज्याला हिशेबनीस हवा आहे, त्याच्या दृष्टीने हिशेब तो हिशेबच. शिकवण्या, शिवणकामाच्या ऑर्डरी, दीराच्या दुकानाचा गल्ला सांभाळणे, यांतले जे खरोखर केले आणि त्या पदाला उपयोगी आहे, ते जरूर लिहावे. जे केलेच नाही ते मात्र लिहू नये. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

काय टाळावे?

घरची परिस्थिती बेताची आहे, कर्ज आहे, हे खरे असले तरी पत्रात नको. दयेपोटी कोणी जागा भरत नाही. जुन्या मालकाची तक्रारही नको, कारण वाचणारा स्वतःला त्या मालकाच्या जागी पाहतो. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तरच लिहावी. आधीच्या अर्जाची नक्कल करताना दुसऱ्याच कंपनीचे नाव तसेच राहून गेले, तर पुढचे कोणी वाचत नाही.

पत्र जाहिरातीच्या भाषेत लिहावे. इंग्रजीत लिहायचे असेल तर लहान, साधी वाक्ये लिहावीत. हल्ली मोबाइलवर किंवा संगणकावर तयार पत्र क्षणात मिळते. त्यातील व्याकरणाचा आधार घ्यायला हरकत नाही, पण आपण केलेले काम त्या यंत्राला ठाऊक नसते. ते वाक्य आपल्यालाच लिहावे लागते.

ई-मेलने पाठवताना विषयाच्या ओळीत पदाचे आणि आपले नाव घालावे, पत्र ई-मेलमध्येच लिहावे आणि बायोडाटा जोडला आहे ना, हे पाहून मगच पाठवावे. एकच ई-मेल एकाच वेळी दहा ठिकाणी पाठवू नये. सरकारी भरतीत मात्र बहुधा ठरावीक अर्जच भरायचा असतो. तिथे वेगळे पत्र मागितले नसेल तर जोडू नये.

पाठवण्यापूर्वी पत्र घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, 'मला काय काम येते, ते कळले का?' उत्तर चटकन आले, तर पत्र पाठवायला हरकत नाही.