साताऱ्यात सापडलेली सतार

मैत्रिणीच्या मामांनी साताऱ्यातलं जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि एका शनिवारी आम्ही सगळे माळा रिकामा करायला पोहोचलो. पितळी घंगाळ, तीन कंदील, आणि सगळ्यात शेवटी जुन्या चादरीत गुंडाळलेली एक सतार. तारा गंजलेल्या, भोपळ्याला बोटभर तडा. भंगारवाला म्हणाला, ''शंभर देतो.'' रात्री न्यू जर्सीच्या मामेभावाचा मेसेज : 'अँटिक पीस आहे यार, मला पाठवा. हॉलमध्ये सॉलिड दिसेल!'

शंभर रुपये की लाखभर? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सतार घेऊन कोयना एक्स्प्रेसने थेट मिरजेला.

मिरजच का? कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथल्या फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस संपत आले, संस्थानिक पटवर्धनांचा संगीताला आश्रय होता, आणि तेच हात तंबोऱ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथे येतात आणि वाद्यं होऊन देशभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. थोडक्यात, जुनी सतार दाखवायची तर इथेच.

दुकानातल्या चाचांनी सतार आडवी घेतली. आम्ही मोबाइलचा टॉर्च लावून आत लेबल शोधत होतो. ते हसले. ''लेबल कशाला बघताय ताई? चिकटवायला किती वेळ लागतोय? हे बघा.'' दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तिथल्या कोरलेल्या पानांवर त्यांनी बोट ठेवलं. ''ही पानं आमच्याकडची.''

मग पांढरी नक्षी. आम्ही मनातल्या मनात हस्तिदंत ठरवून टाकलं होतं. चाचांनी तिच्यावर कापड खसाखसा घासलं आणि वास घ्यायला लावला. कापूर! म्हणजे सेल्युलॉइड. बरंच झालं म्हणायचं, कारण खरा हस्तिदंत असता तर विकायची सोयच नव्हती, कायद्याने बंदी आहे. वयाचंही तसंच. शंभर वर्षं उलटलेली अशी कलाकुसरीची वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि आपल्याला ती परदेशी पाठवता येत नाही. न्यू जर्सीचा हॉल तिथेच बाद. पण चाचांचा अंदाज साठ-सत्तर वर्षांचा.

''तरफा नाहीत. दांडीला त्यांची भोकंसुद्धा नाहीत. शिकणाऱ्याची साधी सतार आहे. विकलीत तर दुरुस्तीचा खर्चबी निघायचा नाही.''

झालं! नामांकित कारागिराचा हात असता, किंवा एखाद्या मोठ्या वादकाकडे ती होती याचा फोटो, पावती, पत्र असं काही असतं, तर गोष्ट वेगळी होती. आमच्याकडे फक्त चादर. (तुमच्या माळ्यावर असं काही निघालं तर आधी शेजारची ट्रंक उपसा. पावत्या तिथेच असतात.)

आम्ही सतार उचलणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, ''थांबा.'' मधल्या पाच-सहा पडद्यांवर तारेने खोल चरे पाडले होते. बाकीचे पडदे जवळजवळ कोरे. ''कुणीतरी रोज बसत होतं बघा. लई दिवस. मग एकदम सोडलंय.''

मैत्रिणीने तिथूनच मामांना फोन लावला. घरात सगळे आजवर 'आजोबांची सतार' म्हणत आलेले. मामा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ''बाबांना कुठे येत होती? आईची ती. माहेराहून आणलेली. मी तर कधी ऐकली नाही.''

मैत्रिणीची आजी जाऊन अकरा वर्षं झाली. ती सतार वाजवायची हे मैत्रिणीला त्या दुकानात उभं राहून कळलं.

सतार सध्या मिरजेतच आहे. तडा सांधून झालाय, जवारी बाकी आहे. मामेभावाला किंमत अजून कुणी कळवलेली नाही. मामा मात्र दर दोन दिवसांनी फोन करून विचारतात, तारा चढवल्या का.