आप्तवाक्य आणि यंत्र

‘संगणक सांगतो’ हे वाक्य आपल्या विद्वच्चर्चेतही प्रमाण म्हणून वावरू लागले आहे. वस्तुतः येथे ‘सांगणे’ हे क्रियापद लाक्षणिक आहे; युक्तिवादात मात्र ते वाच्यार्थाने राबवले जाते. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे खरे, परंतु तो आप्ताचा असावा लागतो. आप्त म्हणजे वस्तू यथार्थपणे जाणणारा आणि जाणले तसेच कळवू इच्छिणारा. यंत्राच्या ठायी ना हे ज्ञान, ना ही इच्छा.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबप्रणाली बसवली. तिने दाखवलेली तूट हाच अपहाराचा पुरावा मानला गेला. २०१५ पर्यंत शाखा चालवणारे ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. संगणक नीट चालत होता हे सिद्ध करण्याची १९८४ च्या कायद्यातील अट १९९९ च्या कायद्याने रद्द झाली होती. ‘दोष दिसत नाही, म्हणून दोष नाही’, असे अनुमान निघाले. परंतु अनुपलब्धी प्रमाण ठरते ती वस्तू असती तर दिसली असती, अशा ठिकाणीच; आरोपींना तर प्रणालीच्या आत डोकावताच येत नव्हते. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

यंत्राला स्वार्थ नसतो, म्हणून ते निःपक्षपाती, असे यावर म्हटले जाईल. स्वार्थ दगडालाही नसतो. म्हणून कोणी त्याची साक्ष काढत नाही. ‘संगणक सांगतो’ या वाक्याचा खरा कर्ता कोण, हे विचारणे समीक्षेचेच काम आहे.