जालूतची उंची किती?

परीक्षा संपून मोबाईल मुलांच्या हाती आले, की आमच्याकडे येणारे प्रश्न वाढतात. अलीकडे एक वाक्य वारंवार कानावर येते : “ज्यू आणि ख्रिश्चनांच्या ग्रंथांत फेरफार झाला, हे आता त्यांचेच विद्वान कबूल करतात.” मुले हे वाक्य मोबाईलवरून उचलतात आणि उत्तन-डोंगरीकडच्या एखाद्या ख्रिश्चन वर्गमित्राला ऐकवतात. तो हिरमुसतो, नाहीतर उलट टोला देतो. विद्वान नेमके काय म्हणाले, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसते. ते या महिन्यात समजून घेऊ.

आधी बोलणे कोणत्या पुस्तकांबद्दल आहे, ते पाहू. हजरत मूसा (अ.) यांना तौरात आणि हजरत दाऊद (अ.) यांना जबूर मिळाली, यावर आपली श्रद्धा आहे. पण ज्यू लोकांच्या पवित्र ग्रंथसंग्रहात याखेरीजही बरेच काही आहे. यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे ही त्यातली इतिहासाची पुस्तके. मराठी बायबलच्या ‘जुन्या करारात’ ती याच नावांनी छापलेली असतात. बनी इस्राईल कनआनच्या भूमीत आले, तिथपासून जेरुसलेम उद्ध्वस्त होऊन ते कैदी म्हणून बाबिलला गेले, तिथपर्यंतची हकीकत त्यांत आहे. तालूत, दाऊद (अ.), सुलैमान (अ.), इल्यास (अ.), अल-यसअ (अ.) हे सारे तिथे भेटतात. आणि यातल्या कोणत्याही पुस्तकात लेखकाने आपली ओळख दिलेली नाही.

लेखक कोण, हा प्रश्न आजच्या विद्यापीठांनी उकरून काढलेला नाही. ज्यूंच्या तलमूद ग्रंथात त्याचे परंपरागत उत्तर आहे : यहोशवाचे पुस्तक यहोशवाने लिहिले, शमुवेलचे शमुवेलने आणि ‘राजे’ हे यिर्मया नबींनी. पण तिथेच शंकाही विचारली आहे. शमुवेल वारल्याची नोंद त्यांच्याच पुस्तकात आहे, मग पुढचे कोणी लिहिले? उत्तर मिळते, की गाद आणि नाथान यांनी ते पुरे केले. म्हणजे एका पुस्तकाला एकाहून अधिक हात लागले, हे त्यांचे धर्मपंडित सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी मान्य करत होते. ‘राजे’ लिहिणाराही काही लपवत नाही. अधिक माहितीसाठी इस्राएल आणि यहूदाच्या राजांच्या बखरी पाहा, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो. त्या बखरी आज उरलेल्या नाहीत.

आधुनिक काळात १९४३ साली मार्टिन नोथ या जर्मन विद्वानाने एक मोठा सिद्धांत मांडला. तौरातच्या शेवटच्या ‘अनुवाद’ या पुस्तकापासून ‘राजे’पर्यंतचा सारा इतिहास एकाच लेखकाने जुन्या कथा, याद्या आणि दरबारी नोंदी जुळवून रचला, असे त्याचे म्हणणे. ‘राजे’ या पुस्तकाचा शेवट इ.स.पू. ५६१ च्या सुमाराच्या घटनेने होतो. तेव्हा हे काम त्यानंतरचे, म्हणजे बाबिलच्या बंदिवासाच्या काळातले असणार. १९७३ साली अमेरिकेच्या फ्रँक मूर क्रॉस यांनी दुसरा पक्ष मांडला. पहिली आवृत्ती योशीया राजाच्या काळी, राज्याची घडी बसेल या आशेवर तयार झाली आणि जेरुसलेम पडल्यावर दुसऱ्या हाताने तिला शेवट जोडला. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या अभ्यासकांनी तीन हात ओळखले. असा एकसंध ग्रंथ कधी नव्हताच, असे म्हणणारेही आज आहेत. ‘विद्वान कबूल करतात’ म्हणताना हे ध्यानात ठेवायला हवे, की विद्वानांचे आपसांतच एकमत नाही.

पण हे संपादक होते कोण आणि त्यांना काय साधायचे होते? इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलच्या बुख्तनस्सरने जेरुसलेम जाळले, हैकल पाडले, राजाचे डोळे काढले. अल्लाहने निवडलेली कौम म्हणवणाऱ्यांवर ही वेळ का आली? हा इतिहास त्या प्रश्नाचे उत्तर शोधतो. उत्तर असे, की दोष आमचा. आम्ही मूर्ती पुजल्या, नबींचे ऐकले नाही. एकेक राजा घेऊन त्याच्या कारकिर्दीचा निकाल दिलेला आहे आणि बहुतेक राजे त्यात नापास आहेत. आपल्या भाषेत याला मुहासबा म्हणतात. हरलेली माणसे सहसा दुसऱ्याला दोष देणारा इतिहास लिहितात. इथे आपल्याच बापजाद्यांचा हिशेब मांडला आहे. या कामाला ‘लबाडी’ म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही.

आता जालूतकडे येऊ. मराठी बायबलमध्ये त्याचे नाव गल्याथ. पहिल्या शमुवेलच्या सतराव्या अध्यायात दाऊद (अ.) गोफणीने त्याला पाडतात. दुसऱ्या शमुवेलच्या एकविसाव्या अध्यायात मात्र गल्याथला एलहानान नावाच्या योद्ध्याने मारल्याची एक ओळ आहे. त्यानंतर कधीतरी रचलेल्या ‘इतिहास’ या पुस्तकात एलहानानने गल्याथच्या भावाला मारले, असे येते. काही अभ्यासकांच्या मते एका साध्या शिपायाचा पराक्रम पुढे राजाच्या नावावर गेला. काहींच्या मते नकल करणाऱ्याच्या हातून शब्द चुकले आणि ‘इतिहास’मधली ओळ मुळाला धरून आहे. आपल्याला उत्तर ठाऊक आहे. जालूतला दाऊद (अ.) यांनी मारले, हे सूरह बकरामध्ये स्पष्ट आले आहे. पण लक्षात घेण्याजोगे असे, की विसंगती समोर दिसत असूनही ज्यू कातिबांनी ती ओळ खोडली नाही. शतकानुशतके तशीच उतरवली.

उंचीचेही असेच. प्रचलित हिब्रू प्रतीत जालूत सहा हात आणि एक वीत, म्हणजे सुमारे साडेनऊ फूट. जुन्या ग्रीक भाषांतरात तो चार हात आणि एक वीत, म्हणजे साडेसहा फुटांच्या आसपास. ग्रीक भाषांतरकारांनी उंची कमी केली असेल, असे म्हणायला जागा होती. पण १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठी खुमरानच्या गुहांत तआमिरा टोळीच्या बदू मेंढपाळांना चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. पुढे १९५२ मध्ये तिथल्याच चौथ्या गुहेत शमुवेलची सुमारे दोन हजार वर्षे जुनी हिब्रू प्रत मिळाली. तिच्यातही चारच हात! म्हणजे हिब्रूतच दोन पाठ चालू होते आणि बहुधा कुठल्यातरी टप्प्यावर जालूत वाढला. कुरआनने त्याची उंची सांगितलेलीच नाही. मग आपल्या मुलांना राक्षसाएवढा जालूत कोण दाखवतो? घरातल्या किस्स्यांच्या पुस्तकांत तो कुठून आला, हेही विचारायला हवे.

हा प्रश्न नुसत्या उंचीचा नाही. शमुवेलमध्ये दाऊद (अ.) यांच्याविषयी उरियाच्या पत्नीची जी कथा आहे, ती कोणत्याही नबीला शोभणारी नाही. आपले उलमा ती नाकारतात. तरी ती आपल्या काही जुन्या तफसीरांत आणि किस्स्यांत शिरली. इब्ने कसीर (मृत्यू १३७३) यांनी सूरह सादची तफसीर लिहिताना बजावले, की इथे सांगितले जाणारे बरेचसे किस्से इस्राईली रिवायतींतले आहेत. गंमत अशी, की ‘इतिहास’च्या लेखकानेही ही कथा वगळली. लढाईचे वर्णन तो शमुवेलमधूनच घेतो, पण ती घटना येते तिथे पुढे निघून जातो. हैकलच्या इबादतीची व्यवस्था लावणारा आदर्श राजा त्याला दाखवायचा होता, असे अभ्यासक म्हणतात. त्यांच्या घरातली ही दोन पुस्तके एका जिल्दीत शेजारी शेजारी राहिली. एकाने दुसरे जाळले नाही.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे, असेही नाही. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांची गावे रायगड-रत्नागिरीत आहेत. तिथल्या वडीलधाऱ्यांना ‘शनिवार तेली’ आठवतील. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे हे बेने इस्रायल ज्यू. आपल्या ठाण्यातले त्यांचे सिनेगॉग १८७९ चे आहे. एलियाहू हन्नबी, म्हणजे आपले इल्यास (अ.), यांच्यावर त्यांची मोठी श्रद्धा. त्यांच्या नावाने ते मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावरच्या खुणा त्यांच्या रथाच्या आहेत, असे ते मानतात. इल्यास (अ.) यांची हकीकत ‘राजे’मध्ये आहे. ती आधी लोकांच्या तोंडी होती आणि संपादकाने नंतर ग्रंथात घेतली, असे बरेच अभ्यासक मानतात. त्यांनी लोकांना बअलच्या पूजेपासून रोखले, हे ‘राजे’ सांगते आणि सूरह साफ्फातही सांगते.

मग मुलांना काय सांगावे? कुरआन ही आपली कसोटी, यात शंका नाही. पण तहरीफ म्हणजे नेमके काय, यावर आपल्या उलमांनीही खल केला आहे. कोर्डोबाचे इब्ने हज्म (मृत्यू १०६४) शब्दच बदलले असे मानत, तर इतर काही उलमांचा भर अर्थ फिरवण्यावर होता. अहले किताबकडून आलेल्या गोष्टींना एकदम दुजोरा देऊ नये आणि एकदम खोटेही ठरवू नये, ही शिकवण सहीह बुखारीत आहे. आपल्या मुहद्दिसांनी रावी तपासले ते आपल्याच घरातले. कोण, कुठला, कुणाकडून ऐकले, स्मरणशक्ती कशी, असे विचारत त्यांनी आपल्याच लोकांच्या रिवायती बाजूला ठेवल्या. ही शिस्त मुलांना शिकवायची, तर ती दुसऱ्याच्या ग्रंथापुरती आणि मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपच्या आधाराने शिकवता येत नाही.

या सुट्टीत एक करून पाहा. सूरह बकरामधल्या तालूत-जालूतच्या आयती (२४६ ते २५१) तर्जुम्यासह मुलांबरोबर वाचा. घरात किस्स्यांचे पुस्तक असेल, तर त्यातली जालूतची गोष्टही वाचा. मग कागदावर दोन रकाने पाडून लिहायला सांगा : कुरआनात काय आहे, आणि पुस्तकात जास्तीचे काय आहे. दुसऱ्या रकान्यातली प्रत्येक ओळ कुठून आली, हे मुलांनी विचारले, की समजा अभ्यास सुरू झाला. त्यानंतर उत्तनच्या मित्राशी ती बोलली, तर टोला मारायला जाणार नाहीत. तुमच्याकडे हा किस्सा कसा आहे, असे विचारतील.