घरची तार आणि खिशातले कार्ड

आमच्या लहानपणी टेलिफोन हवा असेल तर टपाल व तार खात्याच्या दफ्तरी अर्ज दाखल करून वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठावे लागे, आणि ज्यांच्यापाशी ऐपत असे ते ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेखाली मोठी अनामत भरून आपला क्रमांक पुढे ओढून घेत. त्या काळी टेलिफोन कोणाकडून घ्यावा हा विचार कुणाच्या मनाला शिवतही नसे, कारण देणारा एकच होता. आज पुण्यात नवे बिऱ्हाड मांडणाऱ्या कुटुंबाच्या दारी सामानाचा टेम्पो रिकामा होण्याआधीच दोन-तीन कंपन्यांची माणसे फायबरचे दरपत्रक घेऊन उभी राहतात, आणि त्यांपैकी बहुतेक जण उंबरठ्यावरच असे सुचवतात की घरच्या इंटरनेटबरोबर घरातल्या सगळ्यांची मोबाईल कार्डेही आमच्याकडेच घ्या, सगळ्याचे मिळून एकच बिल येईल आणि महिन्याकाठी चार पैसे वाचतील. हा सल्ला सोयीचा वाटतो आणि तो देणाऱ्याच्या मनात कपट असते असेही नाही. तरीही घरची तार आणि खिशातले कार्ड ही दोन्ही एकाच कंपनीच्या हवाली कदापि करू नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ते ज्या प्रसंगातून झाले तो आधी सांगतो.

गेल्या वर्षी जून महिन्यात, पहिला मोठा पाऊस यायच्या आदल्या दिवशी, आमच्या गल्लीत सांडपाण्याच्या नळासाठी जेसीबीने चर खणला आणि त्या चरात आमच्या कंपनीची फायबर तुटली. घरातल्या पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांखालचा लाल दिवा लुकलुकू लागला. घरातली चारही कार्डे त्याच कंपनीची होती, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला तिचा टॉवरही त्याच तारेवर पोसला जात असावा, कारण जवळजवळ त्याच घटकेला मोबाईलची रेंजही गेली. आईच्या औषधांचे पैसे दुकानदाराला पाठवायचे होते, पण बँकेचा ओटीपी येईना. तक्रार नोंदवावी तर ग्राहकसेवेला फोन लागेना. शेवटी शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांचे कार्ड दुसऱ्या कंपनीचे होते, म्हणून त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला, आणि पलीकडून उत्तर आले की तक्रार नोंदणीकृत क्रमांकावरूनच करावी लागेल. तो नोंदणीकृत क्रमांक तर माझ्या खिशात निपचित पडलेला होता. रेंज रात्री उशिरा परतली. घरची तार चौथ्या दिवशी.

त्या चौथ्या दिवशी जो तरुण आला त्याच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. जिन्याच्या मधल्या चौकात पाय दुमडून बसून, टॉर्च दातांत धरून त्याने केबलचे काळे आवरण सोलले, आतला काचतंतू स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि एका छोट्या यंत्राने त्याचे टोक काटकोनात छाटले. हा तंतू आवरण काढल्यावर सव्वाशे मायक्रॉन जाडीचा उरतो, म्हणजे जवळपास माणसाच्या केसाएवढा. आणि ज्यातून प्रकाश धावतो तो त्याचा गाभा अवघा नऊ मायक्रॉनांच्या आसपास असतो. दोन्ही टोके जोडयंत्रात ठेवल्यावर इवल्या पडद्यावर ती एकमेकांसमोर येताना दिसली, एक ठिणगी उडाली आणि काच काचेत वितळून एकसंध झाली. मग त्याने सांध्यावर बारीक नळी सरकवून ती तापवून घट्ट बसवली, मीटर लावला, उणे एकोणीस असा आकडा वाचला आणि म्हणाला, “काका, जॉइंट चांगला बसलाय, आता बघा.” घरात हिरवा दिवा लागला होता. सकाळपासूनचा हा त्याचा अकरावा जॉइंट होता, आणि आमचा सारा विभाग तो आणि त्याचा एक जोडीदार असे दोघेच सांभाळत होते.

कंपनी निवडताना विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला त्या चौकात उमगला. तुमच्या विभागात जॉइंट मारायला किती माणसे आहेत, ती कुठे बसतात, आणि याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या इमारतीतल्या लोकांची तार गेल्या पावसाळ्यात तुटली तेव्हा ती किती दिवसांनी जुळली? याचे उत्तर दरपत्रकात नसते. ते शेजाऱ्यांकडे, वॉचमनकडे आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे असते. पुष्कळदा एखाद्या जुन्या केबलवाल्याची दोन-तीनशे घरांची लहानशी सेवा या कसोटीवर मोठ्या कंपनीला मागे टाकते, कारण त्याचा लाइनमन त्याच पेठेत राहतो आणि तार तुटल्याचे त्याला तक्रारीआधी कळलेले असते.

वेगाच्या आकड्यांवर लोक जेवढी चर्चा करतात तेवढी त्यांची योग्यता नाही. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि चांगल्या प्रतीचे चलच्चित्र पाहायला पाच मेगाबिटही पुरतात. चार माणसांच्या घराला १०० ची जोडणी बहुधा उरून राहते. जो वेग मिळत नाही तो अनेकदा घरातच हरवलेला असतो, कारण राउटर दिवाणखान्यातल्या टीव्हीमागे कोंबलेला असतो आणि त्याच्या पाच गिगाहर्ट्‌झच्या लहरी दोन विटांच्या भिंती ओलांडताना क्षीण होतात. किमतीच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी नीट पाहाव्यात. मोबाईलच्या रिचार्जचा सांगितलेला भाव सामान्यतः करासह असतो, तर फायबरच्या भावावर अठरा टक्के जीएसटी वेगळा चढतो, त्यामुळे हजाराचा प्लॅन अकराशे ऐंशीला पडतो. आणि अठ्ठावीस दिवसांच्या मुदतीचा रिचार्ज घेणाऱ्याला वर्षात बारा नव्हे, तेरा हप्ते भरावे लागतात. या तक्रारीची दखल घेऊन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ साली प्रत्येक कंपनीला निदान एक तरी प्लॅन पूर्ण तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवण्यास भाग पाडले, आणि २०२४ च्या डिसेंबरात ज्यांना फक्त बोलायचे आणि संदेश पाठवायचे आहेत अशांसाठी डेटाविरहित रिचार्ज ठेवण्याचाही दंडक घातला. माझ्या आईसारख्या, साध्या बटनांच्या फोनवर बहिणीशी आणि भाचरांशी बोलणाऱ्या माणसाला एकत्रित बिलात रोजचा दीड जीबी डेटा गळ्यात बांधून देण्यात कोणते हित आहे हे मला कळत नाही.

परंतु माझ्या मताचा खरा आधार याहून निराळा आहे, आणि तो कायद्यात आहे. मोबाईल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा अधिकार या देशात २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात प्रथम लागू झाला, २० जानेवारी २०११ पासून तो सर्वत्र आला, आणि ३ जुलै २०१५ पासून एका मंडलातून दुसऱ्या मंडलात जातानाही क्रमांक कायम राहू लागला. गोव्याचा समावेश महाराष्ट्राच्या मंडलात होतो आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांचे मंडल स्वतंत्र आहे, त्यामुळे पुण्याहून ठाण्यास बदली होणाऱ्या कारकुनाला या शेवटच्या सुधारणेचे मोल विशेष कळते. १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवावा, आठ अक्षरांचा संकेत मिळवावा, नव्या कंपनीकडे जावे. मंडलातल्या मंडलात तीन कामाच्या दिवसांत आणि मंडलाबाहेर पाच दिवसांत काम होते. देणी थकलेली नसली आणि कार्ड नव्वद दिवसांचे जुने असले म्हणजे सामान्यतः कोणाची मनधरणी करावी लागत नाही. ग्राहकाला मिळालेल्या सगळ्या हक्कांत हा हक्क मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जो माणूस सहज उठून जाऊ शकतो त्याच्याशी कंपनीला नीट वागावेच लागते.

घरच्या तारेला असा कोणताही हक्क लाभलेला नाही. नवी कंपनी म्हणजे नवी तार, नवी पेटी, भिंतीला नवे भोक, जुन्या पेटीची परतफेड, अनामतीचा हिशेब, आणि मधल्या काळात घरातल्या मुलाचा ऑनलाइन वर्ग व सुनेचे घरून चालणारे काम बंद. या अडचणी खोट्या नाहीत, त्या तारेच्या स्वरूपातच आहेत, आणि म्हणून तारेच्या बाबतीत माणूस थोडाबहुत बांधलेला असतोच. एकत्रित बिलाचा परिणाम असा होतो की जे कार्ड मुक्त होते तेही या बांधलेल्या तारेला जखडले जाते. मी जूननंतर माझा क्रमांक दुसरीकडे न्यायला गेलो तेव्हा कळले की चारपैकी एक कार्ड निघाले की सवलतीचा करार मोडतो, उरलेल्या तिघांचा भाव वाढतो, आणि तारेचे चालू बिल चुकते झाल्यावाचून काही पुढे सरकत नाही. क्रमांक बदलण्याचा हक्क कागदावर शाबूत होता; महिन्याच्या काही रुपयांच्या सवलतीपायी तो मी आपल्या हाताने गहाण टाकला होता. तो सोडवून घ्यायला मला दोन महिने लागले.

या व्यवस्थेत आणखी एक उणीव आहे. जुन्या तांब्याच्या टेलिफोनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून अठ्ठेचाळीस व्होल्टची वीज त्याच तारेतून मिळत असे, आणि म्हणून लोडशेडिंगच्या काळोखातही तो वाजत असे. काचेतून वीज वाहत नाही. महावितरणचा फ्यूज गेला की घरातली पेटी मुकी होते, आणि अशा वेळी हाताशी उरतो तो मोबाईलच. बारा व्होल्टचा लहान यूपीएस घेतला तरी तो काही तासच साथ देतो. म्हणूनच ते कार्ड दुसऱ्या तारेवर, दुसऱ्या टॉवरवर उभे असावे. घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरचा रेंजचा नकाशा पाहावा, तो आता प्रसिद्ध करणे कंपन्यांना बंधनकारक आहे, पण त्यावर विसंबू नये. पाहुण्यांच्या आणि मित्रांच्या निरनिराळ्या कार्डांवरून आपल्या स्वयंपाकघरात आणि आतल्या खोलीत उभे राहून एकेक फोन लावून पाहावा.

आणि तक्रार करावी लागली, तर तिचा क्रमांक लिहून ठेवावा, कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे आणि तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करावा. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगाच्या कक्षेत येतात की नाहीत हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकालात काढला आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होतात, आणि त्यांच्यापुढे हल्ली एक नवा विषय येऊ लागला आहे. आमच्या सभेपुढेही तो आला. एका कंपनीने क्लबहाऊसमध्ये मोफत वाय-फाय आणि फाटकावरच्या कॅमेऱ्यांसाठी मोफत जोडणी देऊ केली होती, आणि त्या बदल्यात पाच वर्षे जिन्यालगतच्या डक्टमध्ये दुसऱ्या कोणाला प्रवेश न देण्याचे ना-हरकत पत्र मागितले होते. खजिनदारांनी वाचणाऱ्या रकमेचा हिशेब मांडला, तो बरोबरही होता. मी उभा राहून जूनमधले चार दिवस सांगितले. दुसऱ्या मजल्यावरच्या परिचारिकेने सांगितले की त्या दिवसांत तिला रुग्णालयाच्या पाळीचा निरोप मिळाला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी मुलाशी अमेरिकेत बोलता न आल्याचे सांगितले आणि ते खाली बसले. शेवटी ठराव असा झाला की कंपनीला प्रवेश द्यावा, पण मक्तेदारी देऊ नये, आणि डक्टमधल्या दोन नळ्यांपैकी एक सोसायटीच्या ताब्यात मोकळी ठेवावी. मोफत वाय-फायचा प्रस्ताव कंपनीने मागे घेतला. दिवाळीच्या सुमारास त्या मोकळ्या नळीतून पेठेतल्या केबलवाल्याची तार वर चढली, आणि आता आमच्या मजल्यावर दोन पेट्या शेजारीशेजारी आहेत. जुन्या पेटीवर त्या तरुणाने मार्करने आमच्या घराचा क्रमांक लिहून ठेवला आहे, म्हणजे पुढच्या वेळी अंधारात आमची तार शोधायला वेळ लागू नये.